कापसाचा तंतू आणि कारखान्याचा तंतू

कापूस चांगला की कृत्रिम धागा चांगला, हा वाद आपल्याकडे गेली साठ वर्षे तरी कापडाच्या दुकानांत, घरच्या स्त्रियांच्या बोलण्यांत, गिरणीमालकांच्या सभांत आणि अर्थसंकल्पावरील चर्चेत सारख्याच हिरिरीने चालत आला आहे. आणि तो ज्या रीतीने मांडला जातो ती रीत, म्हणजे एका रकान्यात कापसाचे गुण, दुसऱ्यात त्याचे दोष, शेजारी पॉलिएस्टरचे गुण आणि दोष, अशी खतावणी करून शेवटी बेरीज मारण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो, एकदा नीट पाहिला म्हणजे या वादाचा निकाल का लागत नाही याचे नवल वाटेनासे होते. त्या खतावणीत गुण म्हणून जी कलमे जमेस धरलेली असतात, तीच थोड्या निराळ्या नावाने खर्चाच्या बाजूलाही पडलेली असतात. कापूस घाम शोषतो हे त्याचे भूषण, आणि श्रावणात तो तीन-तीन दिवस वाळत नाही ही त्याच्याविषयीची तक्रार. परंतु ही दोन्ही एकाच धर्माची रूपे आहेत, व त्यांतले एक ठेवून दुसरे टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून गुणदोषांची यादी लांबविण्यापेक्षा ते कोणत्या मुळापासून निघतात हे पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: कापसाच्या वर्तनावर पाण्याची सत्ता चालते, आणि नायलॉन, पॉलिएस्टर इत्यादी संश्लिष्ट तंतूंच्या वर्तनावर उष्णतेची, एवढे सूत्र हाती धरले की बहुतेक गोष्टी त्यामागोमाग येतात, आणि ज्या येत नाहीत त्या कुठे अडतात तेही कळते.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात कृत्रिम म्हणून जे कापड विकले जाते त्यात रेयॉन किंवा व्हिस्कोसही मोडतो. पण कल्याणजवळच्या शहाड व मोहोने येथील कारखान्यांनी आपल्याला परिचित करून दिलेला हा धागा म्हणजे लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून पुन्हा सुताच्या रूपाला आणलेला पदार्थ, रसायनदृष्ट्या कापसाचाच भाऊबंद. तो कापसाहूनही अधिक पाणी पितो, आणि ओला झाला की त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. त्याची हकीकत स्वतंत्र आहे. या आढाव्यात तो साक्षीपुरता येईल.

कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. फूल उमलते त्या सुमारास कोवळ्या बीजांडाच्या पृष्ठभागावरील काही पेशी फुगून बाहेर डोकावू लागतात. पुढचे सुमारे तीन आठवडे त्या लांबत जातात. मग लांबण्याचे थांबून आतल्या अंगाने सेल्युलोजचे थर बसू लागतात, दिवसाला एक या हिशेबाने, झाडाच्या खोडातील वर्षवलयांसारखे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता यावेत असे. बोंड मिटलेले असेतोवर ही पेशी पाण्याने भरलेली गोल नळी असते. बोंड फुटले, वारा आणि ऊन लागले, की आतले पाणी उडून जाते, नळी चेपते, आणि भिंतीतले सेल्युलोजचे सूक्ष्म दोर तिरकस वेढ्यांनी व मधूनमधून दिशा बदलून बसलेले असल्यामुळे चेपताना तिला पीळ पडत जातो. कापूस कातता येतो तो या पिळामुळे: एका तंतूचे वळसे दुसऱ्याच्या वळशांत अडकतात आणि पेळूतून सूत निघते. सावरीच्या बोंडातही पांढरा, तलम, डोळ्यांना कापसाहून लोभस असा कापूस असतो. पण त्याचा तंतू गुळगुळीत व बिनपिळाचा, म्हणून त्याला उशी-गादीच्या पलीकडे कोणी नेले नाही. म्हणजे कापसाचा अगदी पहिला उपयोगी धर्मसुद्धा पाणी निघून जाण्याच्या क्रियेतून जन्मास आलेला आहे.

या तंतूची जाडी साधारणतः १२ ते २० मायक्रॉन आणि लांबी, जातीप्रमाणे, २० पासून ३५ मिलिमीटर व क्वचित त्याहून अधिक. म्हणजे जाडीच्या हजारपटीहूनही जास्त. आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या जुन्या देशी जाती आखूड धाग्याच्या, अमेरिकी वंशाच्या जाती मध्यम ते लांब धाग्याच्या, आणि इजिप्तचा कापूस या सर्वांहून लांब, अशी प्रतवारी व्यापाऱ्यांच्या बोटांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. बोटांचा हा निवाडा मोजमापाच्या कक्षेत आणण्यासाठी १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि १९२४ मध्ये तिने मुंबईत माटुंग्याला तांत्रिक प्रयोगशाळा उघडली. कापसाच्या निरनिराळ्या वाणांचे सूत प्रत्यक्ष कातून पाहून कोणता वाण किती नंबरापर्यंत चालतो हे सांगण्याचे काम तिने पिढ्यान्‌पिढ्या केले. येथे नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. लांबी हे सर्वस्व मात्र नव्हे. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल ज्या कापसाची होई तो देशी कुळातलाच होता. कातणाऱ्या स्त्रिया नदीकाठच्या दमट हवेत, पहाटे आणि सायंकाळी तो कातीत, कारण कोरड्या हवेत इतके बारीक सूत तुटून जाई. पाण्याशिवाय कापसाचे चालत नाही, हे त्या स्त्रियांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळलेले होते.

ज्याला या गोष्टीची प्रचीती हवी असेल त्याने बोंडातून नुकताच काढलेला कापूस आणि औषधाच्या दुकानातला शोषक कापूस असे दोन बोळे घेऊन पाण्याने भरलेल्या पातेल्यात टाकावेत. पहिला तरंगत राहतो. हाताने दाबून खाली नेला तरी पुन्हा वर येतो. दुसरा काही क्षणांत तळाला जातो. दोन्ही सेल्युलोजच, फरक एवढाच की शेतातल्या कापसावर मेणाचे एक अत्यंत पातळ आवरण असते, आणि कॉस्टिक सोड्यात उकळून ते काढून टाकल्याखेरीज आतल्या सेल्युलोजची तहान प्रकट होत नाही. नवे मांजरपाट पहिल्या धुण्यात पाणी घेत नाही, आणि जुने धोतर अंग पुसायला नव्या पंचापेक्षा बरे वाटते, याचे कारण बऱ्याच अंशी हे मेण आणि गिरणीची खळ यांत आहे.

संश्लिष्ट तंतूला असे बालपण नाही. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स याने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. कंपनीने ते १९३८ मध्ये जाहीर केले आणि १९४० मध्ये स्त्रियांच्या पायमोज्यांच्या रूपाने ते सर्वत्र विक्रीस आले. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनज्ञांनी शोधून काढला, आणि यातला विनोद असा, की ज्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या नोकरीत हे दोघे होते तिचा मुख्य धंदा सुती कापडावर छपाई करण्याचा होता. त्याला इंग्लंडात टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन, आणि १९६० नंतरच्या दशकात ठाण्याच्या कारखान्यातून तो निघू लागल्यावर आपल्याकडे टेरीन असे नाव पडले. तो बनविण्याची क्रिया थोडक्यात अशी: खनिज तेलापासून मिळणाऱ्या दोन द्रव्यांच्या संयोगाने बहुवारिक तयार करावयाचे, ते सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर तापवून वितळवायचे, बारीक छिद्रांच्या तबकडीतून दाबाने बाहेर काढायचे, हवेत गोठू द्यायचे, आणि मग मूळच्या कित्येक पट लांब होईतोवर ताणायचे, म्हणजे आतले अस्ताव्यस्त रेणू एका दिशेने रांगेत येतात व धाग्याला बळ येते. असा धागा कितीही मैल लांब निघू शकतो, आणि तरीही त्याचा मोठा हिस्सा कारखान्यातच ३८ मिलिमीटरांच्या तुकड्यांत कापला जातो व त्याला मुद्दाम नागमोडी केले जाते. कशासाठी? कापसासाठी बांधलेल्या यंत्रांवर तो चालावा, कापसात मिसळावा, आणि अंगाला कापसासारखा लागावा म्हणून. प्रतिस्पर्ध्याला इतका मोठा मान क्वचितच कोणी दिला असेल.

आता मुख्य मुद्दा. सेल्युलोजच्या साखळीतील प्रत्येक कडीवर पाण्याला धरून ठेवणारे तीन हायड्रॉक्सिल गट असतात. पॉलिएस्टरच्या साखळीत, टोके सोडली तर, तसे काहीच नाही. परिणाम आकड्यांत पाहावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना पूर्ण कोरड्या १०० तोळे कापसात बाहेरून ओल न लागता साडेआठ तोळ्यांपर्यंत पाणी मुरलेले व्यापारात धरले जाते. नायलॉनात ते चार-साडेचार, ॲक्रिलिकमध्ये दीड, पॉलिएस्टरमध्ये ०.४, आणि पॉलिप्रोपिलीनमध्ये जवळजवळ शून्य. हे आकडे प्रयोगशाळेचे आहेत म्हणून कोरडे समजू नयेत. विदर्भातल्या कोणत्याही कापूस खरेदी केंद्रावर गाडी उभी राहिली की ग्रेडर प्रथम गंजीत कोपरापर्यंत हात खुपसतो आणि आतला कापूस मुठीत दाबून पाहतो. मग ओल मोजायचे यंत्र लावतो. हमीभावाने खरेदी करताना कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा पायाभूत धरते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करते, आणि त्यापुढे माल घेत नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस, जिनिंगच्या आवारात गंजीवर मारलेली पाण्याची पिचकारी, ओला माल दाबल्यामुळे गाठीत पडलेला पिवळेपणा, यांवरून होणारी भांडणे म्हणजे त्या तीन हायड्रॉक्सिल गटांचाच व्यवहारातला अवतार. पॉलिएस्टरच्या गाठीवरून असले भांडण उद्भवत नाही.

कापूस थंड असतो, असे आपण म्हणतो. ते विधान सैल आहे. तंतू स्वतः थंड नसतो. अंगातून निघणारी वाफ कपड्याखाली साचू न देता कापूस ती आपल्या पोटात घेतो, आणि ओल जाणवेपर्यंत बराच अवधी मिळवून देतो. कमी श्रमाच्या कामात, लेखनिकाच्या खुर्चीत किंवा वर्गाच्या फळ्यापुढे, हा अवधी दिवसभराला पुरतो. पण घाम जेव्हा धारांनी वाहू लागतो आणि भोवतालची हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी आधीच पाण्याने गच्च भरलेली असते, तेव्हा कापसाचे पोट भरते, सदरा पाठीला चिकटतो आणि तो वाळायला तयार होत नाही. खेळाडूंसाठी हल्ली जे पॉलिएस्टरचे कपडे निघतात त्यांची युक्ती वेगळी: तंतूच्या अंगावर लांबट पन्हळी ठेवलेल्या असतात, त्यांतून घाम पृष्ठभागावरून पसरतो, तंतूत न शिरता बाहेर येतो आणि उडून जातो. पावसाळ्यात सह्याद्रीवर चढणाऱ्या तरुणांनी सुती कपडे सोडले ते याच कारणाने, आणि योग्यच केले. चिंब सुती कपड्यानिशी रात्री गडावरच्या वाऱ्यात बसणे धोक्याचेच आहे. मात्र त्याच तरुणाने तोच बनियन घालून दुपारी दोन तास बिनपंख्याच्या खोलीत बसून पाहावे. हालचाल आणि वारा नसला की ती पन्हळींची युक्ती फार काळ साथ देत नाही. शिवाय तंतूइतकेच महत्त्व विणीला आहे, ही गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. जाड सुती गॅबर्डीनपेक्षा विरळ विणीचे टेरीव्हॉइल उन्हाळ्यात निश्चितच सुसह्य असते.

पाणी शिरले की कापसाचा तंतू आडव्या अंगाने फुगतो, आणि दुर्मीळ अशी एक गोष्ट घडते: त्याचे बळ कमी न होता दहा ते वीस टक्क्यांनी वाढते. व्हिस्कोस ओला झाल्यावर अर्धमेला होतो, नायलॉन थोडे ढिले पडते, पॉलिएस्टरला फरक पडत नाही. कापूस एकटा ओला असताना अधिक बळकट. आपल्या देशात कपडे दगडावर आपटून धुण्याची जी चाल पडली ती या धर्मावाचून टिकली असती असे मला वाटत नाही. रेयॉनच्या पहिल्या साड्या ज्या झपाट्याने त्या दगडावर निकालात निघाल्या त्यावरून या तर्काला पुष्टी मिळते. याच फुगण्याचा सर्वांत सुंदर उपयोग दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने केला. उत्तरेकडच्या थंड समुद्रात पडणारे वैमानिक काही मिनिटांत गारठून मरत. त्यांच्यासाठी लांब धाग्याच्या कापसाचे अत्यंत दाट विणीचे व्हेंटाइल नावाचे कापड तयार करण्यात आले. कोरडे असताना त्यातून हवा खेळे, आणि पाण्यात पडताच तंतू फुगून विणीतली सारी छिद्रे आपोआप बुजत. रबराचा लेप नाही, मेण नाही. जो धर्म सामान्यतः गैरसोयीचा, त्यालाच कामाला लावलेले.

कोरड्या अवस्थेतल्या बळाचा हिशेब केला तर पॉलिएस्टर व नायलॉन कापसाच्या पुढे जातात, पण खरा भेद बळात नसून ताणात आहे. कापसाचा तंतू सहा ते आठ टक्के लांबला की तुटतो. पॉलिएस्टर पंधरा टक्क्यांपासून पुढे बराच ताणला जाऊ शकतो. यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते, जी ऐकून पहिल्यांदा कोणाचाही विश्वास बसत नाही: कापसात थोडे पॉलिएस्टर मिसळले तर सूत शुद्ध कापसापेक्षा दुबळे होते. कारण सूत ताणले की कापूस आपल्या मर्यादेपर्यंत सगळा भार घेतो, त्या क्षणी पॉलिएस्टर अजून पुरते ताठलेलेही नसते. कापूस तुटतो आणि मागे उरलेल्या मोजक्या पॉलिएस्टर तंतूंवर एकदम सर्व भार पडून तेही तुटतात. पॉलिएस्टरचे प्रमाण अर्ध्याच्या पुढे गेले म्हणजे मग मिश्रण सावरू लागते. टेरीकॉटमध्ये ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग कापूस हे जे प्रमाण जगभर रूढ झाले त्यामागे हा हिशेब आहे, आणि दुसरा हिशेब सुरकुत्यांचा आहे.

सुरकुतीची मीमांसा केली की सुरुवातीला सांगितलेले सूत्र सर्वांत स्पष्ट दिसते. कापसाच्या रेणूंमधील जोड पाण्याने सुटतात आणि पाणी गेले की जसा आकार असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. घामाने दमट झालेला सदरा अंगावर चुरगळून वाळतो आणि ती चूण कायम होते. म्हणूनच सुती कपड्याला इस्त्री करण्यापूर्वी पाणी शिंपडावे लागते. पाणी तंतूला नरम करते, उष्णता केवळ ते पाणी उडवून नवा आकार पक्का करते. पॉलिएस्टरवर पाण्याचा अंमल चालत नाही. ते सुमारे ७० ते ८० अंशांपर्यंत ताठ असते, त्यापुढे नरमू लागते. कारखान्यात १८०-२०० अंशांना एकदा जी घडी बसविली ती थंड पाण्यातली शंभर धुणी मोडू शकत नाहीत. विजारीची कायमची क्रीझ ही जी टेरीनची मोहिनी होती ती हीच. पण धोब्याने असा कपडा सुती समजून सोड्याच्या भट्टीत टाकला, की उकळत्या पाण्यात पडलेल्या सुरकुत्या तितक्याच कायमच्या होत.

कापसाला हा गुण उसना देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. रेझिनच्या साह्याने सेल्युलोजच्या साखळ्या आडव्या टाक्यांनी एकमेकींना बांधून टाकायच्या, म्हणजे पाणी आले तरी त्या सरकणार नाहीत, ही मँचेस्टरकरांची कल्पना १९२० नंतरच्या दशकातली आहे; सुरकुत्या त्याने कमी होतात, परंतु बांधलेला तंतू ठिसूळ होतो आणि बळाचा मोठा हिस्सा गमावतो. कापडाचे आटणे थांबविणाऱ्या सॅनफोराइझिंगने आणि ताणून धरलेल्या सुताला कॉस्टिक सोड्याने चकाकी आणणाऱ्या मर्सरायझिंगने कापसाला त्यामानाने स्वस्तात आणि निर्धोक सुधारले. पण इस्त्रीचा प्रश्न सुटला नाही, आणि माझ्या मते मध्यमवर्गाने कापसाचा त्याग केला तो इस्त्रीपायी. रात्री धुतलेला, सकाळी वाळलेला, विनाइस्त्री कचेरीत घालून जाण्याजोगा सदरा ज्या कारकुनाला मिळाला, त्याने त्याबद्दल दुपारचा घाम आनंदाने सोसला. सरकारने या धाग्यांना चैनीची वस्तू मानून त्यांवर जबर उत्पादन शुल्क बसविले होते, तरी टेरीकॉटचा सदरा लग्नातल्या आहेराची प्रतिष्ठा पावला. १९८५ च्या वस्त्रधोरणाने तंतू निवडण्याची मोकळीक दिल्यावर ती प्रतिष्ठा ओसरली आणि खप वाढला.

आगीच्या बाबतीत लोकांचा समज अर्धाच बरोबर आहे. कापूस वितळत नाही. तो भडकन पेटतो, जळत्या कागदाचा वास येतो आणि मागे भुरकट, बोटांनी चुरडणारी राख राहते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, आणि कापसाला जळत राहण्यास १८ टक्केही पुरतो; पॉलिएस्टरला २० ते २१ लागतो, म्हणजे ते मोठ्या अनिच्छेने पेटते, आधी आकसते, वितळून थेंब गळू लागते, आणि गार झाल्यावर काळी कडक गोळी उरते. या गळण्यामुळे पुष्कळदा ज्वाला विझतेही. परंतु तो वितळलेला थेंब कातडीवर पडला की चिकटून बसतो व खोल जाळतो. स्टोव्हपुढे नायलॉनची साडी नेसू नये ही बायकांमधली ताकीद पूर्ण रास्त आहे. सगळ्यांत वाईट ते मिश्रण. त्यात कापूस वितळत नसल्यामुळे पॉलिएस्टरला गळू देत नाही, कोळशाच्या जाळीत वितळलेले द्रव्य धरून ठेवतो आणि ते वातीतल्या तेलासारखे जळत राहते. दोघांचे दोष एकत्र येऊन तिसरा, दोघांहून मोठा दोष निर्माण झाल्याचे हे उदाहरण आहे.

रंगाईतही तोच न्याय. कापूस पाण्यातून रंग घेतो. नीळ, डायरेक्ट रंग, आणि १९५६ पासून तंतूशी रासायनिक गाठ बांधणारे रिॲक्टिव्ह रंग, सगळे पाण्यातले. पॉलिएस्टरमध्ये रंग घुसवायचा तर बंद भांड्यात दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावे लागते, म्हणजे तंतू नरमतो आणि रंगाचे कण आत शिरतात. ज्याला पाणी नको त्याला तेल प्रिय असते: खोबरेल लावलेल्या मानेची टेरीकॉटच्या कॉलरवर जी काळी रेघ उमटते ती सुती कॉलरच्या मानाने निघायला कठीण, आणि घामाच्या तेलकट अंशाबरोबर त्याचा वासही टिकून राहतो. कोरड्या हिवाळ्यात कपडा काढताना होणारी चुरचुर व ठिणग्या, आणि कापडावर उठणाऱ्या लोकरी गुठळ्या, हीही संश्लिष्टांची ओळखीची गाऱ्हाणी. गुठळ्या सुती कापडावरही उठतात, पण त्यांना धरून ठेवण्याइतका कापूस बळकट नसल्याने त्या गळून पडतात.

किनाऱ्यावर मात्र हा वाद केव्हाच मिटला. कोकणातल्या कोळ्यांची जाळी पूर्वी सुताची आणि तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या तुरट काढ्यात पुनःपुन्हा उकळावी लागत, आणि दर खेपेनंतर वाळवावी लागत. बुरशी व जंतू यांना सेल्युलोज हे अन्न आहे. नायलॉनला ते तोंड लावीत नाहीत. त्याचे जाळे हलके, बारीक, पाण्यात दिसेनासे, आणि ओले ठेवले तरी शाबूत. तीव्र उन्हाने ते कमजोर होते एवढीच खोड. नायलॉन आल्यावर सुती जाळे परत कोणी मागितले नाही. पण समुद्रात तुटून राहिलेले सुती जाळे काही काळाने कुजून जाई, नायलॉनचे वर्षानुवर्षे तळाशी मासे मारीत राहते; कोळ्याला हवा असलेला टिकाऊपणा तो हाच, आणि येथे तो नको आहे.

जगात आज जितका तंतू बनतो त्यातला निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, आणि कापसाचा वाटा सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत उतरला आहे. प्रदूषणाच्या हिशेबात कापसाचे भक्त तेलविहिरी आणि धुण्याच्या पाण्यातून नद्यांत जाणारे पॉलिएस्टरचे सूक्ष्म तुकडे दाखवितात. उलट पक्ष कीटकनाशके आणि कापसाच्या पाटांनी आटवलेला अरल समुद्र पुढे करतो. दोन्ही आरोप खरे आहेत. विदर्भाचा कापूस बहुतांशी पावसावर येतो, त्यामुळे अरलचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. पण ज्या शेतकऱ्याला पावसाचा खंड आणि बोंडअळी यांतून वाचलेला माल खंडीच्या पडेल भावाने विकावा लागतो, त्याला हे समाधान फारसे उपयोगाचे नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या हुकुमाने ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर बनविलेल्या राष्ट्रध्वजाला मुभा मिळाली, तेव्हा नांदेडसारख्या खादी केंद्रांतून आक्षेप निघणे स्वाभाविक होते. निव्वळ वस्त्रशास्त्र विचारले तर पावसात भिजून जड झालेली खादी काठीला चिकटते आणि पॉलिएस्टर थोड्या झुळकीवरही फडकते. पण ध्वज खादीचा करण्याचे ठरविणाऱ्यांनी तंतूची आर्द्रता मोजून तो निर्णय घेतला नव्हता, आणि तो बदलणाऱ्यांनीही ती मोजली असेल असे वाटत नाही.

उरतो जुन्या कपड्यांचा प्रश्न, आणि तो मिश्र कापडाने अवघड करून ठेवला आहे. सुती साडी विरली की तिची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे, आणि शेवटी उकिरड्यावर तिची माती. शुद्ध पॉलिएस्टर पुन्हा वितळवता येते. टेरीकॉटचे यांपैकी काहीच होत नाही: कापूस असल्यामुळे ते नीट वितळत नाही, आणि पॉलिएस्टर असल्यामुळे कुजत नाही. प्रयोगशाळेत मिश्रणाचे प्रमाण ठरविताना ७५ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात कापूस विरघळवून पॉलिएस्टर अलग काढतात, आणि तीव्र अल्कलीने पॉलिएस्टरचे विघटन करून कापूस शिल्लक ठेवण्याचीही तजवीज आहे. परंतु तराजूच्या पारड्यात मावणाऱ्या नमुन्यासाठी जे शक्य, ते टनांच्या हिशेबाने करणे अजून बाजाराला परवडलेले नाही. तोवर टेरीकॉटच्या जुन्या सदऱ्याला लादी पुसण्याच्या फडक्यावाचून गती नाही, आणि फडके म्हणूनही तो पाणी धड टिपत नाही.